हद्दीपलीकडून आलेली वीज



माटुंग्याच्या एखाद्या रहिवाशास 'तुमच्या वस्तीतील ऐतिहासिक स्थळ कोणते?' असे विचारले, तर तो फाइव्ह गार्डन्स दाखवील, किंग्ज सर्कल म्हणजे आताचे महेश्वरी उद्यान दाखवील, फार तर 1915 साली निघालेल्या रेल्वेच्या वर्कशॉपकडे बोट करील. शालिमार इंडस्ट्रियल इस्टेटीच्या बाजूस विजेचे जे रिसीव्हिंग स्टेशन आहे त्याचे नाव तो घेणार नाही. त्या स्टेशनाला म्हणतात धारावीचे, पण टपालाचा पत्ता माटुंग्याचा आहे. तेथे पाहण्यासारखे काही नाही. कुंपण, रोहित्रे आणि तारा. तथापि त्या तारा कोठून आल्या, आणि त्यांना येथवर येऊ कोणी दिले, हा प्रश्न आज आम्हाला आपल्यापुढे मांडावयाचा आहे. तार ओढणे हे इंजिनियरांचे काम खरे; पण ती ज्या हद्दी ओलांडून येते त्या ओलांडण्याची परवानगी हे सरकारचे काम, आणि इतिहास बहुधा या दुसऱ्या कामात दडलेला असतो.

पहिली हद्द पाण्याची. लोणावळ्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पडतो, पण वाहतो मात्र पूर्वेकडे. इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत, आणि अखेरीस थेट बंगालच्या उपसागरात जावे असे त्याच्या नशिबी निसर्गाने लिहिले होते. हे पाणी माथ्यावरच अडवावे, घाटाच्या कड्यावरून नळांनी सुमारे 1,700 फूट खाली खोपोलीस सोडावे, त्या जोरावर चक्रे फिरवावी आणि निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग या मुंबईच्या इंजिनियराने जमशेटजी टाटांपुढे मांडली. परळ-लालबागच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. कोळसा बाहेरून आणावा लागे, आणि धूर मात्र मुंबईकरांच्या वाट्यास येई.

आता परवानगीकडे वळू. विजेविषयीचा हिंदुस्थानातील पहिला कायदा 1887 सालचा. विजेपासून माणसांस व मालमत्तेस इजा होऊ नये एवढाच त्याचा विचार. दुसरा 1903 सालचा, आणि वीज विकावयाची असेल तर सरकारी परवाना घ्यावा ही रीत त्याने घातली. जमशेटजी 1904 च्या मे महिन्यात जर्मनीत निवर्तले. परवाना मिळाला तो पुढे तीन वर्षांनी, 1907 साली. ज्या माणसाने ध्यास घेतला त्याला तो कागद पाहावयास मिळाला नाही.

या परवान्याला एक अडचण होती, ती शहराच्या आतली. मुंबईत वीज व ट्राम चालविणारी कंपनी 1905 साली स्थापन झाली होती; तीच पुढे आपली 'बेस्ट'. 1907 च्या मे महिन्यात, म्हणजे टाटांना परवाना मिळाला त्याच साली, तिची पहिली विजेची ट्राम रस्त्यावर धावली. घरोघर आणि दुकानोदुकानी वीज पुरविण्याचा अधिकार तिचा. तेव्हा सह्याद्रीहून येणाऱ्या विजेस सरकारने मोठ्या गिऱ्हाइकांचा मार्ग मोकळा केला: गिरण्या, आणि ज्यांच्यापाशी स्वतःचा परवाना आहे अशा कंपन्या. परवान्यातील ही वाक्यरचना मोठी चिवट निघाली. उपनगरांत टाटांना किरकोळ गिऱ्हाइकास वीज विकता येते की नाही, हा तंटा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2008 साली न्यायमूर्तींना 1907, 1919, 1921 आणि 1953 चे परवाने समोर ठेवून त्यांतील शब्दांचा अर्थ लावावा लागला. निकाल टाटांच्या बाजूने झाला. एखाद्या इनामाच्या सनदेचा कीस काढावा तसा विजेच्या परवान्याचा कीस शंभर वर्षांनी निघाला, याची आम्हाला मोठी मौज वाटते.

परवाना हाती आला म्हणून काम सुरू झाले, असे मात्र कोणी समजू नये. मधली वर्षे पैशात गेली. भांडवल लंडनच्या बाजारात उभे करण्याचा प्रयत्न फसला. मग सर दोराबजींनी ते देशातच उभे करावयाचे ठरविले. काही संस्थानिकांनीही भाग घेतले, आणि 1910 साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी नोंदली गेली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांना या कामाची आस्था होती. 1911 च्या फेब्रुवारीत वळवणच्या धरणाची कोनशिला त्यांनीच बसविली. आजकाल कोणतेही काम रखडले की सरकारी फायलीला शिव्या देण्याची आपली पद्धत आहे. येथे फाइल पुढे गेली होती आणि थैली मागे राहिली होती. 1915 च्या फेब्रुवारीत लॉर्ड विलिंग्डन यांनी विजेचा प्रवाह सुरू केला. परवान्यापासून प्रवाहापर्यंत आठ वर्षे गेली.

आता तार. खोपोली ते परळ हे अंतर सुमारे 43 मैलांचे, आणि विजेचा दाब एक लाख व्होल्टचा. दाब एवढा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे: तीच शक्ती अधिक दाबाने पाठविली म्हणजे तारेतून जाणारा प्रवाह कमी होतो, आणि प्रवाह कमी झाला म्हणजे वाटेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज फारच कमी होते. परळला आल्यावर हा दाब उतरवून ती जमिनीखालच्या केबलींनी गिरण्यांकडे जाई. ही तार कुलाबा जिल्ह्यात निघाली, खाडी ओलांडून साष्टीत शिरली, आणि मग मुंबई बेटावर आली. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. मुंबई उपनगर जिल्हा 1920 साली झाला. म्हणजे जिल्हे निराळे, कलेक्टर निराळे, मध्ये खाड्या, रेल्वे, सडका आणि शेकडो लोकांची शेते.

शेतांवरून तार नेण्याचा अधिकार कोठून आला? येथे एक गमतीदार गोष्ट सापडते. 1885 च्या तारायंत्राच्या कायद्याने सरकारच्या तारखात्यास कोणाच्याही जमिनीवरून तार नेण्याचा, खांब रोवण्याचा अधिकार दिला होता. जमीन सरकारजमा होत नाही. मालक मालकच राहतो. सरकारला मिळतो तो केवळ वापराचा हक्क, आणि नुकसान कमीत कमी करून त्याची भरपाई द्यावी असे बंधन. 1910 च्या विजेच्या कायद्याने अशी सोय ठेविली की सरकार इच्छील तर तारखात्याचे हे अधिकार वीज कंपनीला बहाल करता येतील. 2003 च्या कायद्यातही हे कलम कायम राहिले. भारतात शेवटची तार 2013 च्या जुलैत गेली आणि तारखात्याची ती सेवा बंद झाली. पण त्या खात्याचा अधिकार विजेच्या मनोऱ्यांवर अद्याप उभा आहे.

धरणाची गोष्ट अगदी वेगळी. तेथे वापराच्या हक्काने भागत नाही. जमीनच पाण्याखाली जाते. 1894 च्या भूसंपादन कायद्यात कंपनीसाठी जमीन घेण्याचे एक प्रकरण होते. सरकारची पूर्वसंमती हवी, कंपनीने सरकारशी करार करावा, आणि काम लोकोपयोगी आहे अशी सरकारची खात्री पटावी. पाहा, या सर्व व्यवहारात दोनच पक्ष आहेत: सरकार आणि कंपनी. ज्याची जमीन जावयाची तो फक्त रकमेविषयी बोलू शकतो, होकार-नकाराविषयी नाही.

वळवण आणि शिरवत्याच्या वेळी हे निभावले. 1922 साली ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजघर सुरू झाले, आणि त्याची वीज धारावीच्या, म्हणजे आपल्या माटुंग्याच्या, रिसीव्हिंग स्टेशनात येऊ लागली. पण तिसऱ्या योजनेची गाठ मावळ्यांशी पडली. नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुळशी पेट्यातील पन्नासहून अधिक गावांची उत्तम भातशेती बुडणार होती. माणसे सुमारे अकरा हजार. 1921 च्या रामनवमीस, 16 एप्रिल रोजी, मावळे आपल्या बायकामुलांसह धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यात चिकटली. नीला-मुळा योजनेचा सरकारी परवानाही 1921 सालचाच आहे. एकाच वर्षाच्या दप्तरात एकीकडे परवाना आणि दुसरीकडे तुरुंगात गेलेल्यांच्या याद्या.

या लढ्याची कथा नुसती वीरश्रीची सांगितली तर ती अर्धीच होईल. पेट्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती, आणि भरपाईची रोकड दिसू लागताच त्यांतील अनेकांचे मन पालटले. कूळ एकीकडे आणि जमिनीचा मालक दुसरीकडे, अशी फूट पडली. बापटांनी शेवटी अहिंसेची मर्यादा सोडली. 1924 साली कामाची आगगाडी अडविताना शस्त्र चालविले आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. लढा संपला. 1927 साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले आणि मुंबईस वीज मिळाली. आम्ही मुंबईकर या गोष्टीतील लाभार्थी आहोत, हे येथे माटुंग्यात उभे राहून न सांगणे बरे दिसणार नाही.

पाण्याच्या त्या पहिल्या हद्दीचा तंटाही पुढे निघाला, तो राज्याराज्यांत. कृष्णेचे पाणी पश्चिमेकडे वळविले म्हणजे खालच्या कर्नाटक-आंध्राच्या वाट्याचे गेले. बच्छावत लवादाने या टाटा धरणांतून किती पाणी बाहेर न्यावे याची मर्यादा ठरवून दिली: कोणत्याही एका वर्षात 54.5 टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून 212 टीएमसी. 1907 साली मुंबई सरकारच्या एका परवान्याने जी हद्द ओलांडली गेली तिचा हिशेब करण्यास तीन राज्यांचा लवाद बसवावा लागला.

आणि तारेचे काय? 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि बेटावर बाहेरून येणाऱ्या तारा किती थोड्या आहेत हे शहराच्या ध्यानात आले. खारघरहून खाडीपलीकडे विक्रोळीस येणारी 400 किलोव्होल्टची लाइन 2023 साली सुरू झाली. अशा लाइनींच्या वाटेत आता एक नवी हद्द आहे. उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार, लोकहिताचे काम असले तरी त्यासाठी खारफुटी तोडावयाची झाल्यास न्यायालयाची परवानगी लागते. 1915 साली खाडीतल्या झाडांच्या वतीने बोलणारे कोणीच नव्हते. शहराला उशीर परवडत नाही हे खरे. पण मुळशीच्या माणसांना जी विचारपूस मिळाली नाही ती आता निदान झाडांना मिळते, याचे आम्हाला वाईट वाटत नाही.

तारेखालचा शेतकरी मात्र दीर्घकाळ मागेच राहिला. जमीन त्याचीच, पण तीवर घर बांधता येत नाही, उंच झाड वाढू देता येत नाही. 1885 च्या कायद्यात 'नुकसान' म्हणजे मोडलेले पीक आणि तोडलेले झाड. जमिनीची किंमत उतरली तर काय, याचा ठरलेला दर नव्हता. तो पहिल्यांदा केंद्र सरकारने 2015 साली सुचविला: मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीस तिच्या किमतीच्या 85 टक्के आणि तारेखालील पट्ट्यास फार तर 15 टक्के. 2024 साली हे आकडे 200 आणि 30 टक्के झाले. ही नुसती मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती लागू करावयाची की नाही, हे ज्या त्या राज्याने ठरवावयाचे आहे.