कॉलेज जपानमध्ये, इंटर्नशिप जामखेडला



आमच्या वेळी इंजिनिअरिंगला ‘इन-प्लांट ट्रेनिंग’ म्हणजे एखाद्या कारखान्यात दोन आठवडे चकरा मारून सर्टिफिकेट आणणं! गावविकास, सामाजिक न्याय अशा कामाचेही क्रेडिट मिळू शकतात, हे ठाऊकच नव्हतं. आता आपली मुलं इथल्या कॉलेजांत जाऊ लागली आहेत, म्हणून ही माहिती.

तोक्योतल्या मिताकाच्या इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत ‘सर्व्हिस लर्निंग’ हा विषयच आहे. आधी वर्गात तयारी, मग उन्हाळी सुट्टीत साधारण महिनाभर प्रत्यक्ष काम, परतल्यावर त्यावर चर्चा. मदुराईचं लेडी डोक कॉलेज त्यांच्या भागीदारांपैकी एक. इतर विद्यापीठांत क्रेडिट मिळतील का, हे जाण्याआधी विचारून घ्या; नंतर विचारून उपयोग नसतो.

इथेच सुरुवात करायची तर तोचिगीमधली एशियन रूरल इन्स्टिट्यूट आहे. तोशिहिरो ताकामी यांनी ती १९७३ साली काढली. आशिया-आफ्रिकेतले ग्रामीण कार्यकर्ते तिथे नऊ महिने शेती आणि नेतृत्व शिकतात. स्वयंसेवकांनाही घेतात.

पण मला विचाराल तर आपल्या मुलांनी जामखेडला जावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका केलं. बोअर घेतले ते दलित वस्तीत, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथेच यावं लागे! जातीवर भाषण न देता केलेलं हे काम. परदेशी विद्यार्थी तिथे शिकायला येतात, पण त्यांना दुभाषा लागतो. आपल्या मुलांना त्या सेविकांशी थेट बोलता येईल. अर्थात घरातलं मराठी ‘जेवलास का?’च्या पुढे गेलं असेल तर. नसेल तर आत्तापासून बोलायला लागा.

फेब्रुवारी-मार्चची सुट्टी सोयीची. एप्रिलमध्ये नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत परत येता येतं, आणि ऊनही फार चढलेलं नसतं.

व्हिसाचं म्हणाल, तर २०१२ पासून ‘मिनाशी साइन्यूकोकु’ची सोय आहे: वर्षाच्या आत परतणार असाल तर वेगळी परवानगी लागत नाही. मात्र झाइर्यू कार्डाची मुदत त्याआधी संपत असेल तर ती तारीख धरायची. निघताना विमानतळावरच्या कार्डावर परत येणार असल्याच्या चौकटीत खूण करायला विसरू नका.