राणीच्या ओळखीचे लोक

झाशीत नोकरीला असलेला मराठी माणूस सुटीत गावी गेला की त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "राणीच्या घराण्यातलं कोणी तुमच्या ओळखीचं आहे का हो?" नाही म्हटले तर समोरच्याचा चेहरा उतरतो. हो म्हणावे तर पुढचा प्रश्न तयारच असतो. मी डिप्लोमा करून, परीक्षा देऊन रेल्वेत आलेला साधा पी-वेचा माणूस. इतिहास हा माझा विषय नव्हे. पण या प्रश्नाच्या निमित्ताने वाचत गेलो आणि लक्षात आले, की मोठ्या माणसांशी असलेली ओळख कशी वागवावी याचे उत्तम धडे आपल्या झाशीच्याच इतिहासात आहेत. संपादक मंडळाने दोन वर्षे तगादा लावल्यावर ते लिहून देत आहे.

आपल्या मंडळात दोन प्रकारचे लोक आहेत. २००३ साली उत्तर मध्य रेल्वे सुरू झाली तोपर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता. त्यामुळे मुंबई-भुसावळकडून बदलीवर आलेली पुष्कळ कुटुंबे इथेच रुळली. दुसरी घरे नेवाळकरांच्या काळापासूनची. त्यांची मराठी ऐकली की नवीन माणसाला गंमत वाटते, कारण ती अर्धी बुंदेली झालेली असते. राणीशी नाते सांगण्याची हौस मात्र मी जास्त करून पहिल्या प्रकारात पाहिली. आडनाव तांबे असले म्हणजे पुरे! जुन्या घरांतली माणसे या विषयावर फारशी बोलत नाहीत. पुष्कळ दिवस मला तो शिष्टपणा वाटे. त्याचे कारण इतिहासात आहे.

१८४२ साली राणीचे लग्न झाले ते इथल्या गणेश मंदिरात. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी घराण्यातल्या वासुदेवराव नेवाळकरांचा मुलगा आनंदराव याला दत्तक घेतले होते. त्याचे नाव ठेवले दामोदरराव. वय जेमतेम चार वर्षांचे. डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. खासगी मालमत्तेला मात्र मुलाला वारस मानले गेले आणि त्याच्या नावाची रक्कम सरकारात ठेवली गेली. पुढे मुलाच्या मुंजीसाठी त्यातले एक लाख रुपये काढायचे तर खुद्द राणीला जामीनदार उभे करावे लागले. आपल्याच मुलाच्या पैशासाठी!

एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली. राणीचे वडील मोरोपंत तांबे निसटताना जखमी झाले, दतियाला पकडले गेले आणि त्यांना झाशीत फाशी दिले. जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ कोट्याच्या सराईत राणी पडली. त्या दिवसापासून पुढे 'मी राणीचा अमुक' असे म्हणणे म्हणजे गळ्यात फास घेणे होते. भीती लवकर ओसरलीही नाही. नानासाहेब पेशवे म्हणून संशयावरून माणसे धरण्याचे प्रकार कितीतरी वर्षे चालू होते. १८७४ साली ग्वाल्हेरीस शिंद्यांनी असाच एक माणूस इंग्रजांच्या हवाली केला. चौकशीअंती तो नानासाहेब नव्हे असे ठरले. बंडानंतर सोळा वर्षांनी ही स्थिती, तर नाते आणि ओळख लपवणे हाच शहाणपणा होता. जुन्या घरांतली ती चुप्पी तिथून आलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट दार लावून बोलायची, ती स्वातंत्र्य मिळाले म्हणून लगेच चारचौघांत बोलता येत नाही.

दामोदररावांचेच पाहा. आईच्या मृत्यूच्या वेळी आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मूठभर इमानी माणसांनी त्याला रानोमाळ लपवत फिरवले आणि अखेर तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला. १८६० पासून तो इंदूरला, सरकारच्या नजरेखाली, तुटपुंज्या तनख्यावर. झाशीचे राज्य तर नाहीच, नावावरची रक्कमही परत मिळाली नाही. २८ मे १९०६ रोजी ते इंदुरातच वारले. म्हणजे सेहेचाळीस वर्षे! एवढ्या काळात इंदूरच्या किती मराठी मंडळींच्या घरी त्यांचे येणेजाणे झाले असेल, किती पंगतींना ते शेजारी बसले असतील. पण त्यांच्या रानातल्या दिवसांची हकीकत आपल्याला मिळते ती य. न. केळकरांच्या 'इतिहासाच्या सहली' या १९५९ सालच्या पुस्तकात. ती त्यांच्याच तोंडची म्हणून दिलेली असली तरी इंदुरात तोंडोतोंडी चालत आलेल्या गोष्टींवरून तयार झाली असावी, असे अभ्यासक मानतात. सेहेचाळीस वर्षे माणूस डोळ्यांसमोर, आणि त्याच्या तोंडचे निश्चित असे फार थोडे हाती.

इथे मला प्रश्न पडतो. शेजाऱ्यांनी विचारले नाही ते सभ्यपणा म्हणून, की 'पेन्शनवर जगणारा एक गृहस्थ' म्हणून दुर्लक्ष केले? सभ्यपणा आणि बेफिकिरी बाहेरून अगदी सारखीच दिसतात.

विचारणारे एक गृहस्थ निघाले : दत्तात्रय बळवंत पारसनीस. १८९४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी 'झांशी संस्थानच्या महाराणी लक्ष्मीबाईसाहेब' यांचे चरित्र छापले. त्या वेळी इंग्रजी पुस्तकांत राणीवर जून १८५७ च्या गोऱ्यांच्या कत्तलीचा ठपका होता. मार्टिन नावाच्या इंग्रजाने १८८९ साली दामोदररावांना पत्र लिहून, तुमच्या आईचा त्यात काही हात नव्हता, तिच्यावर अन्याय झाला, असे कळवले होते. ते पत्र पारसनिसांनी चरित्रात दिले. आता विचार करा. ते पत्र इंदूरच्या एका घरातल्या पेटीत तसेच राहिले असते, तर वाळवीने खाल्ले असते. राणीच्या बाजूने एका इंग्रजाची साक्ष आज आपल्या हाती आहे, ती एका तरुणाने त्या घराण्याची विचारपूस केली म्हणून.

पण माझ्या मते या साऱ्यांत खरा माणूस विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचे गरीब भिक्षुक. डोक्यावर कर्ज होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि थेट बंडात सापडले. झाशीत ते राणीच्या आश्रयाने राहिले, वेढ्यातही इथेच होते, शहराची लूट आणि कत्तल त्यांनी लपून राहून पाहिली. जवळचे किडूकमिडूक एकदा नव्हे, अनेकदा लुटले गेले. शेवटी घरी काय नेले, तर आईवडिलांसाठी गंगेची कावड.

काल्पीच्या वाटेवर त्यांना राणी पुन्हा भेटली. हरलेली, धुळीने भरलेली, तहानलेली. भटजी विहिरीचे पाणी काढू लागले, तर तिने त्यांना थांबवले. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, असे सांगून स्वतः मडक्याने पाणी काढले आणि ओंजळीने प्यायली. मी उरई-काल्पीच्या बाजूला मे महिन्यात हॉट वेदर पेट्रोलिंगच्या कामावर फिरलो आहे. रुळाला हात लावता येत नाही अशा उन्हात त्या मुलखातली तहान काय असते ते मला ठाऊक आहे. त्यामुळे हा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

एवढा प्रसंग ज्याच्या वाट्याला आला, त्याने गावी परतल्यावर काय करावे? आपल्यापैकी कोणी असता तर 'राणीसाहेब मला म्हणाल्या' याखेरीज त्याचे वाक्य सुरू झाले नसते. गोडसे भटजींनी पाव शतक काहीच लिहिले नाही. त्यांचे यजमान भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी आग्रह केला तेव्हा, १८८३ च्या सुमारास, त्यांनी 'माझा प्रवास' लिहिले. तेही छापले गेले १९०७ साली, भटजी हयात नसताना. वैद्यांनी त्यात भाषा आणि मजकूर यांत फेरफार केले. मूळ हस्तलिखिताप्रमाणे पुस्तक यायला दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली.

त्या लिखाणाची मला वाटणारी खासियत अशी, की लेखक स्वतः कुठेच मोठा होत नाही. राणी त्याला ओळखत होती म्हणून तो थोर, असा सूर नाही. आपण घाबरलो, लपलो, रडलो, हे तो सरळ सांगतो. आणि ज्याचे मीठ खाल्ले त्या घराचे नुसते गोडवेही गात नाही. गंगाधररावांच्या स्त्रीवेशाच्या विक्षिप्त वागण्याबद्दल त्याने जे लिहिले आहे, ते आजही चारचौघांत वाचताना काही लोक पान उलटतात. ते त्याने राणीचे राज्य असताना कोणाच्या कानात सांगितले असते तर ती चुगली झाली असती. सारे संपल्यावर, मिळवण्यासारखे काही उरले नसताना लिहिले, म्हणून तो इतिहास झाला.

तिसरे नाव एका बंगाली बाईंचे. महाश्वेता देवींनी १९५० च्या दशकात, हाताशी पैसा नसताना, झाशी-ग्वाल्हेर पालथे घातले. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून गाणी आणि दंतकथा गोळा केल्या. राणीच्या सावत्र भावाचे चिरंजीव गोविंद चिंतामण तांबे यांना भेटून माहिती घेतली आणि १९५६ साली पुस्तक केले. ते त्यांचे पहिलेच पुस्तक. राणीचा भाचा जिवंत आहे, त्याला जाऊन भेटावे, हे एका परक्या प्रांतातल्या मुलीला सुचले. आपल्या किती मराठी लेखकांना सुचले, ते मी विचारत नाही.

२०२१ च्या डिसेंबरात आपल्या स्टेशनला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. त्यानंतर आपल्या एका बैठकीत सूचना आली, की उत्सवाला राणीच्या वंशजांपैकी कोणाला आणून सत्कार करावा. दामोदररावांच्या पुढच्या पिढ्यांनी इंदुरात 'झांशीवाले' हेच आडनाव लावले, हे सर्वांना माहीत आहे. सूचना चांगल्या मनाने आली होती. पण पुढची चर्चा ऐकून मी अस्वस्थ झालो. स्टेजवर किती वेळ बसवायचे, फोटो कोणाकोणाबरोबर, तलवार वगैरे काही असेल तर आणायला सांगता येईल का! ज्या घराने चार पिढ्या आपले काम करून पोट भरले, त्याला आपण देखाव्यातली मूर्ती करणार. मी विरोध केला. काही सभासद अजून नाराज आहेत, त्यांना इथे लेखी उत्तर मिळावे.

माझी सूचना साधी आहे. आपल्यातल्याच जुन्या घरांत मोडी कागद, जमाखर्चाच्या वह्या, आज्ज्यांना पाठ असलेल्या ओव्या आहेत. त्या घरी आधी विचारून, त्यांच्या सवडीने जावे. जे देतील त्याची नक्कल करावी, जे देणार नाहीत त्यांना दुसऱ्यांदा विचारू नये. घराचे नाव छापायचे की नाही हे त्या घराने ठरवावे. मोडी वाचणारे दोन सभासद आपल्याकडे आहेत आणि दोघांचेही वय सत्तरीच्या पुढे आहे, हे लक्षात घेऊन निर्णय दिवाळीपूर्वी व्हावा.

'माझा प्रवास'ची एक प्रत मंडळाच्या कपाटात आहे. न्यायची असेल त्याने रजिस्टरवर सही करून न्यावी. मागच्या खेपेस ती दोन वर्षांनी परत आली होती.