खोडदची दुर्बीण आणि प्रकाशतंतूंचे जाळे

वरंध घाटात दरड कोसळली किंवा रस्त्याचे काम निघाले की वाहतूक थांबते आणि पुण्याला निघालेल्या महाडकरांना ताम्हिणीचा वळसा पडतो. जुना मार्ग सुधारायचा, पण त्यावरची ये-जा थांबू द्यायची नाही, हा प्रश्न केवळ रस्ते बांधणाऱ्यांचा नाही. नारायणगावाजवळ खोडद येथे तो शास्त्रज्ञांपुढेही उभा राहिला.

खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारली. तिच्यात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. 14 तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात असून उरलेल्या 16 तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. टोकाच्या तबकड्यांमधील अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. या साऱ्यांचे संदेश एका जागी आले, तरच त्यांची मिळून एक दुर्बीण होते.

हे संदेश आणायचे कसे? तांब्याच्या केबलमध्ये उच्च वारंवारतेचा संदेश इतक्या अंतरावर फारच क्षीण होतो. बिनतारी दुवा वापरावा, तर आकाशातील अतिक्षीण रेडिओलहरी ऐकणाऱ्या दुर्बिणीशेजारी आपणच गोंगाट करणार! प्रकाशतंतू या दोन्ही अडचणींतून सोडवतो.

काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाशसंदेश दूरवर पाठवता येतील, असे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 साली दाखवले. किलोमीटरला 20 डेसिबेलपेक्षा कमी ऱ्हास, ही त्यासाठीची मर्यादा 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीने गाठली. 20 डेसिबेल म्हणजे एका किलोमीटरनंतर प्रकाशाचा केवळ शंभरावा हिस्सा उरणे. पुढे 1310 नॅनोमीटर तरंगलांबीसाठी हा ऱ्हास सुमारे 0.35 डेसिबेलवर आला. आता 14 किलोमीटरला 4.9 डेसिबेल, म्हणजे सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पलीकडे पोहोचतो. लॉगॅरिथमच्या तासाला हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.

2002 पासून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ही दुर्बीण वापरू लागले. तिचा मूळ वारंवारतापट्टा 32 मेगाहर्ट्झचा होता. इलेक्ट्रॉनिकी व संगणक पुढे गेले, तसा तो 400 मेगाहर्ट्झपर्यंत वाढवायचे ठरले. संवेदनक्षमता पट्ट्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पट्टा साडेबारा पट झाला, तर संवेदनक्षमता तत्त्वतः सुमारे साडेतीन पट होते. मात्र त्यासाठी चालू निरीक्षणे बंद ठेवणे परवडणारे नव्हते.

इथे प्रकाशाचा एक साधा गुण कामी आला. वेगवेगळ्या तरंगलांब्यांचे प्रकाश एकाच तंतूतून एकमेकांना फारसा अडथळा न करता जाऊ शकतात. जुने संदेश त्यांच्या मूळ तरंगलांबीवर तसेच ठेवून नवे, रुंद पट्ट्याचे संदेश 1550 नॅनोमीटरच्या आसपासच्या वेगळ्या तरंगलांब्यांवर चढवले गेले. पलीकडच्या टोकाला ते गाळून वेगळे करता येतात. रस्ता तोच, पण त्यावर नव्या मार्गिका निघाल्या!

अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या 'व्हेरी लार्ज ॲरे' या दुर्बिणीत 1970 च्या दशकात संदेशांसाठी जमिनीखालून तरंगनलिका टाकल्या होत्या. पुढे तिचे नूतनीकरण करताना त्या सोडून प्रकाशतंतू घ्यावे लागले. खोडदला ते आधीच होते. जमिनीत पुरलेली वस्तू बदलणे कठीण, टोकाची उपकरणे बदलणे त्या मानाने सोपे. म्हणून जाळ्याची आखणी करताना आजच्या गरजेइतकाच, मार्गात पुढे किती वाव राहील, याचाही विचार करावा लागतो.

या सुधारणेचे फळ जून 2023 मध्ये दिसले. अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर झाले, तेव्हा युरोपीय दुर्बिणींच्या जोडीने खोडदची स्पंदक-निरीक्षणेही त्यात होती.