हिब्रू 'हट्टाथ' विधि : प्रायश्चित्त कीं शुद्धि?

बायबलाच्या मराठी भाषांतरांत हिब्रू 'किप्पेर' या क्रियापदासाठीं 'प्रायश्चित्त करणें' असा प्रयोग आढळतो, व 'हट्टाथ' या यज्ञास 'पापबलि' म्हटलेलें आहे. यावरून पापी मनुष्याच्या ऐवजीं पशूनें मरावें व देवाचा कोप शमवावा, एवढाच या विधीचा अर्थ, अशी वाचकाची समजूत होते. प्रस्तुत लेखकही बरींच वर्षें वर्गांत असेंच सांगत आला. परंतु मूळ विधीचा क्रम पाहतां ही समजूत अपुरी ठरते.

लेवीय ग्रंथाच्या चौथ्या अध्यायांत नकळत घडलेल्या अपराधाबद्दल हट्टाथ सांगितला आहे. पशूच्या मस्तकावर हात ठेवून त्याचा वध होतो. पण त्याचें रक्त यजमानाच्या अंगास लावीत नाहींत. अपराध सामान्य मनुष्याचा किंवा अधिपतीचा असल्यास तें प्रांगणांतील होमवेदीच्या शृंगांस लावावयाचें. अभिषिक्त याजकाचा किंवा सर्व समाजाचा असल्यास आंत नेऊन पडद्यासमोर सात वेळां शिंपडावयाचें. वर्षांतून एकदां, तिश्री महिन्याच्या दशमीस, प्रमुख याजक तें थेट परमपवित्र गाभाऱ्यांत नेई. अर्थात् दोषाची व्याप्ति जितकी मोठी, तितकें रक्त आंत जातें. धुतलें जातें तें देवस्थान. शिवाय बाळंतीण व नवी वेदी यांसही हाच विधि विहित आहे. त्यांचें पाप तें कोणतें?

शब्दार्थही याच दिशेनें नेतो. 'हट्टाथ'च्या धातूचा मूळ अर्थ 'चुकणें' असला, तरी त्याच्या एका साधित रूपाचा अर्थ 'शुद्ध करणें' असा होतो. 'किप्पेर'शीं संबद्ध अक्कादी 'कुप्पुरु' म्हणजे पुसून काढणें. बाबिलोनच्या अकीतु उत्सवांत पांचव्या दिवशीं मेंढ्याच्या धडानें मंदिर शुद्ध करून तें धड नदींत टाकीत. जेकब मिल्ग्रोम या अमेरिकी पंडितानें १९७६ च्या निबंधांत हाच शुद्धिपक्ष मांडला.

यावर आक्षेप असा कीं, त्याच अध्यायांत 'त्याला क्षमा होईल' या आशयाचें वचन पुनःपुन्हा येतें. तेव्हां मनुष्य वगळतां येत नाहीं. आक्षेप ग्राह्य आहे. तथापि क्षमा पशूच्या मरणानेंच विकत मिळते, असें म्हणवत नाहीं. अतिदरिद्र्यास एफाचा दशमांश सपीठ चालतें. 'आशाम' विधींत बळकावलेलें धन पंचमांश अधिक घालून आधीं परत करावें लागतें. आणि दशमीच्या दिवशीं प्रजेचीं पापें ज्या बोकडाच्या मस्तकीं ठेवीत, तो मारला जात नसे. अरण्यांत सोडला जाई.

बुद्धिपूर्वक, उद्दामपणें केलेल्या पापास तर गणना ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणें यज्ञच नाहीं. हाच प्रश्न मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत येतो. अजाणतां घडलेल्या पापास प्रायश्चित्त सर्वमान्य. जाणून केलेल्यासही तें आहे, असें कांहींचें मत तेथें नोंदलेलें आहे. मात्र स्मृतींतील प्रायश्चित्त कर्त्याच्या देहास कष्टवितें. हट्टाथ देवस्थान धुतो. म्हणून 'प्रायश्चित्त' हें भाषांतर त्याज्य नसलें, तरी 'शुद्धि' हा अर्थ त्यासोबत सांगितलाच पाहिजे.

इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त केलें. धुवावयाचें स्थानच उरलें नाहीं. पण दशमी राहिली, आणि उपवास, प्रार्थना व पश्चात्ताप यांनीं ती पाळली जाऊं लागली. कोंकणांतील बेने इस्राएल समाज त्या दिवशीं दारें लावून घरांत उपोषण करी. वेदीवांचून विधि कसा टिकतो, हें पाहण्यास आम्हांस फार दूर जावयास नको.