रिबिट : भुसावळच्या बॉयलरपासून धुळ्याच्या धावपट्टीपर्यंत

ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर एका लहान विमानाची उड्डाण-चाचणी झाली. कॅप्टन अमोल यादव यांनी ते मुंबईत, कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर बांधलं होतं. मोठ्या कारखान्याबाहेर, हातानं जोडलेले पत्रे हवेचा मारा कसे सोसतात? याचं बरंचसं उत्तर एका जुन्या कारागिरीत आहे. ती म्हणजे रिव्हेट, कारागिरांच्या बोलीत रिबिट, मारणं.

खानदेशाला ही कारागिरी नवी नाही. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळला आली, तिच्याबरोबर लोखंडी पूल आणि इंजिनांचे बॉयलर आले. त्या काळी जाड पत्रे जोडायचे ते रिबिटांनीच. रिबिट भट्टीत लाल करून भोकात घालायचं. एकानं मागून जड ठोकळा धरायचा, दुसऱ्यानं पुढून घण मारून टोक पसरायचं. थंड होताना रिबिट आकुंचन पावतं आणि पत्रे घट्ट आवळले जातात.

विमानाला लोखंड जड पडतं. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना आढळलं, की थोडं तांबं आणि मॅग्नेशियम मिसळलेलं अॅल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवलं, तर पुढच्या काही दिवसांत ते आपोआप कडक होतं. हेच ड्युरॅल्युमिन. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याची मजबुती घटते. म्हणून विमानातही रिबिटच आलं, मात्र ते थंडच मारतात. काही कडक जातीची रिबिटं तापवून बुडवल्यावर शीतपेटीत ठेवतात. थंडीत कडक होण्याची क्रिया मंदावते आणि ती वापरेपर्यंत मऊ राहतात.

हे काम शिकणारा आधी टाकाऊ पत्र्यावर हात बसवतो. भोक पाडायचं, कडेची बर काढायची, मग एकानं हवेच्या दाबावर चालणारा हातोडा आणि दुसऱ्यानं पोलादी ठोकळा धरायचा. नियम असा : पत्र्याबाहेर रिबिटाच्या व्यासाच्या दीडपट दांडा राहावा. ठोकल्यावर तयार होणारं डोकं दीडपट रुंद आणि निम्मं उंच असावं. ३ मिमीच्या रिबिटाला ४.५ मिमी रुंदी, १.५ मिमी उंची.

आता वर्गात आकारमान काढून पाहू. दांडा आणि डोकं दोन्ही दंडगोल मानले, तर डोक्यात दांड्याचा पाऊण भागच धातू सापडतो. उरलेला पाव भाग कुठे गेला? बराचसा भोकात. दांडा तिथे फुगून भोक गच्च भरतो. जोड मजबूत होतो तो यामुळे, आणि नेमकं हेच बाहेरून दिसत नाही. म्हणून डोकं मापून आतल्या कामाचा अंदाज घ्यायचा.

याकडे काळजीपूर्वक पाहावं लागतं, कारण तडा बहुधा भोकाच्या कडेला सुरू होतो. १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या, सुमारे ९०,००० उड्डाणं झालेल्या विमानाचं छत हवेतच उडालं. एक हवाईसेविका मृत्युमुखी पडली. रिबिटांच्या रांगेतले बारीक तडे एकमेकांना मिळाले होते.

यादव यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली. उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला आणि मग धुळ्याची चाचणी. घरी बांधलं म्हणून तपासणीतून सुटका नसते. गावातल्या पत्रेकामाच्या दुकानात मुलांना घेऊन जा, एक रिबिट मारून घ्या आणि त्याचं डोकं मोजायला सांगा.