स्वादुपिंडातले घड्याळ : लाजाळूच्या पानापासून इन्सुलिनपर्यंत

सिहोरा भागात शेतीची वीज रात्रीची असली, की धानाच्या बांधीत पाणी सोडायला रात्रीच जावे लागते. खाणीत पाळीवर जाणाऱ्यांचेही तसेच. अशा माणसाची शुगर वाढली, की घरचे लगेच म्हणतात, "तोंडावर ताबा नाही!" पण सगळा दोष खाण्याचाच असतो का? हे समजून घ्यायला थोडे मागे जाऊ.

१७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे झाड अंधारात ठेवले. ऊन नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. म्हणजे वेळेचा हिशेब झाडाच्या आतच होता.

तो हिशेब ठेवणारे जनुक सापडायला मात्र १९७१ उजाडले. कोनोप्का आणि बेन्झर यांना अमेरिकेत अशा फळमाश्या मिळाल्या, ज्यांच्या एकाच जनुकात बिघाड झाला की दिनक्रम कोलमडायचा. त्याचे नाव 'पीरियड'. १९८४ मध्ये हॉल, रोसबाश आणि यंग यांनी ते जनुक वेगळे काढले. पुढे २०१७ मध्ये या तिघांना नोबेल मिळाले. उंदरातले 'क्लॉक' जनुक ताकाहाशी यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ओळखले.

हे घड्याळ चालते कसे? 'क्लॉक' आणि 'बीमॅल-१' ही प्रथिने काही जनुके चालू करतात. त्या जनुकांपासून बनलेली प्रथिने साठत जातात आणि उलट या दोघांनाच थांबवतात. ती झिजून संपली, की चक्र पुन्हा सुरू. एका फेरीला साधारण २४ तास लागतात.

हे घड्याळ फक्त मेंदूत नसते. २०१० मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जोसेफ बास यांच्या गटाने उंदरांच्या केवळ स्वादुपिंडातले घड्याळ बंद केले. मेंदूतले घड्याळ शाबूत होते आणि उंदरांचे खाणेपिणेही नेहमीसारखे होते. तरीही बीटा पेशी पुरेसे इन्सुलिन सोडेनात आणि उंदरांना मधुमेह झाला. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना स्वतःचे घड्याळ लागते, हे यातून सिद्ध झाले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण अमेरिकेतील सुमारे १ लाख ७७ हजार परिचारिकांच्या माहितीचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. फिरत्या रात्रपाळीची वर्षे जितकी जास्त, तितका मधुमेहाचा धोका जास्त दिसला. त्यातला काही वाटा वाढलेल्या वजनाचा होता. २०२१ मध्ये बोस्टनला १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत कृत्रिम रात्रपाळीत ठेवले. रात्रीही जेवणाऱ्यांची साखर वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची फारशी वाढली नाही. हा प्रयोग लहान होता, पण दिशा दाखवणारा.

तेव्हा रात्री जागणाऱ्या माणसाला नुसती बोलणी लावू नका. रात्रीचे काम टळत नसेल, तर मुख्य जेवण दिवसा उरकावे, मध्यरात्री भरपेट भात खाऊ नये आणि परतल्यावर खोली अंधारी करून पूर्ण झोप घ्यावी. मात्र इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेत असाल, तर जेवणाची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका; साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि डॉक्टरांकडे गेलात, की गोळ्यांच्या नावांबरोबर आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा : तुम्ही झोपता कधी आणि जेवता कधी.