भुलीचा इतिहास आणि मृत्यूंची मोजदाद

मराठीत ‘भूल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर रुग्णाला देतात ती भूल, आणि माणसाच्या हातून नकळत होणारी चूक तीही भूलच. हा केवळ भाषेचा योगायोग असला, तरी शस्त्रक्रियेचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास वाचताना या दोन्ही अर्थांची सोबत सतत जाणवते. वेदना नाहीशी करण्याचे साधन वैद्यकाने अल्पावधीत स्वीकारले. ते निर्धोक होण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला. तो मार्ग दाखविला, तो आपल्या हातून दगावलेल्यांची प्रामाणिक मोजदाद करणाऱ्यांनी.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुण रुग्णाला ईथरची वाफ हुंगविली आणि शल्यविशारद जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. रुग्ण आक्रोश न करता पडून राहिला. त्यापूर्वी रुग्णाला चौघांनी दाबून धरायचे आणि शल्यविशारदाने शक्य तितक्या वेगाने हात चालवायचा, हीच रीत होती. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरा येथील जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. त्याचा वास गोड, मात्रा थोडी आणि परिणाम झटपट. त्यामुळे ते लवकरच सर्वत्र पसरले.

या आनंदावर लवकरच सावट आले. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीला पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देण्यात आले आणि काही मिनिटांतच तिचा प्राण गेला. काही महिन्यांपूर्वी ईथरखाली तिच्यावर अशीच शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली होती. नखाच्या दुखण्याने सहसा कोणी मरत नाही. ती मुलगी गेली, ती वेदना टाळण्याच्या उपायाने.

या मृत्यूचा अर्थ काय लावायचा, यावर मतभेद झाले. सिम्प्सन यांचे म्हणणे असे, की शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात ओतलेल्या पाण्याने व ब्रँडीने ती गुदमरली. लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी मात्र औषधाला निर्दोष ठरविण्याची घाई केली नाही. वाफ फार तीव्र झाली तर हृदयच बंद पडते, असे त्यांनी मांडले आणि वाफेचे प्रमाण आवरणारे उपकरण तयार केले. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देणारे तेच. त्यांच्या निधनानंतर १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी क्लोरोफॉर्मखाली झालेल्या पन्नास मृत्यूंची एकेक करून छाननी केली होती.

या वादाचा एक अध्याय आपल्या देशातही घडला. त्या काळी मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, एडवर्ड लॉरी हे शल्यविशारद होते. श्वासावर लक्ष ठेवले की पुरे, हृदयाची काळजी नको, हे आपल्या गुरूंचे एडिंबरा येथील मत त्यांना मान्य होते. त्यांनी १८८८ मध्ये पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमविले. त्यावर टीका झाली, तेव्हा निजामाने एक हजार पौंड दिले आणि १८८९ मध्ये दुसरे कमिशन बसले. त्यासाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला, की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. हैदराबादच्या या कार्यात रूपाबाई फर्दूनजी या पारशी महिला डॉक्टरही होत्या. जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

लॉरी यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदय एकाएकी थरथरू लागून बंद पडू शकते. हजारो रुग्ण सुखरूप घरी गेले, एवढ्यावरून एकाच्या मृत्यूचे कारण नाहीसे होत नाही, हा हैदराबादचा धडा आहे.

विसाव्या शतकात ही मोजदाद अधिक शिस्तबद्ध झाली. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ प्रसूतींचा आढावा घेतला. त्यांत ६६ स्त्रियांच्या बाबतीत भुलीच्या अवस्थेत पोटातील अन्न वा आम्ल फुप्फुसांत उतरले होते. आज डॉक्टर ‘उपाशीपोटी या’ असे बजावतात, त्यामागे हाच धोका आहे. १९५४ मध्ये बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील सुमारे सहा लाख शस्त्रक्रिया तपासून जाहीर केले, की दर १,५६० रुग्णांमागे एकाच्या मृत्यूत भुलीचा वाटा होता. स्वतःच्याच व्यवसायाविषयी असे लिहिण्यास धैर्य लागते. पुढे रक्तातील प्राणवायू बोटावरून मोजणारे उपकरण आले. त्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडले. आता सुसज्ज रुग्णालयात निरोगी माणसाला केवळ भुलीमुळे मृत्यू येणे लाखात एखादे इतके विरळ झाले आहे. शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि वृद्धांना होणारा भ्रम हे धोके मात्र उरलेच आहेत. २००७-०८ मध्ये नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांत एक साधी तपासणी-यादी वापरून पाहिली. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, ॲलर्जी आहे काय, एवढे मोठ्याने विचारून घ्यायचे. त्या रुग्णालयांतील शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

यात ख्रिस्तसभेची भूमिका काय? वेदना देवाने दिली, ती टाळणे पाप, असे आपल्याकडे अजूनही कधी कधी ऐकू येते. १८४७ मध्येच सिम्प्सन यांनी अशा आक्षेपांना उत्तर देताना उत्पत्तीच्या पुस्तकातील आदामाच्या गाढ झोपेकडे बोट दाखविले होते: फासळी काढण्यापूर्वी परमेश्वराने त्याला निजविले. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी इटलीतील भूलतज्ज्ञांच्या तीन प्रश्नांना उत्तरे देताना स्पष्ट केले, की शारीरिक वेदना सोसलीच पाहिजे असे सर्वसाधारण बंधन श्रद्धावंतावर नाही. कोणी ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी एकरूप होण्यासाठी ती स्वेच्छेने स्वीकारील, तर ते त्याचे स्वातंत्र्य. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला, कृत्रिम श्वसनाविषयी बोलताना, प्राण राखण्यासाठी असाधारण उपाय योजण्याचे बंधन नाही, असेही त्यांनी सांगितले.

म्हणून शस्त्रक्रियेस जाणाऱ्या आपल्या माणसाला धीर देताना ‘काही होत नाही’ असे म्हणून वेळ मारून नेऊ नये. सकाळी घोटभर चहा घेतला असेल, पूर्वी भुलीचा त्रास झाला असेल, दारूचे व्यसन असेल, तर ते भूलतज्ज्ञाला लाज न बाळगता सांगावे. त्याच्यापाशी काही विचारायचे असेल, तर तेही मोकळेपणी विचारावे. आजार गंभीर असेल, तर रुग्णाभ्यंगासाठी धर्मगुरूला वेळीच बोलवावे. तो संस्कार केवळ मरणाऱ्यासाठी नाही. पापनिवेदनात आपण भूल लपवीत नाही, कारण सांगितल्यावाचून ती बरी होत नाही. शस्त्रक्रियागृहाचा इतिहासही याच सत्याची साक्ष देतो.